पाकिटावरचा ताण आणि आपली पट्टी : व्हायोलिनसाठी सिंथेटिक तारा निवडताना

व्हायोलिनच्या तारांचा जो ताण कंपन्या आपल्या तक्त्यात छापतात, तो जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य जुळणीसाठी काढलेला असतो. काळी एकचा (हार्मोनियमच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज धरून प-सा-प-सा अशी जुळणी करणाऱ्या वादकाच्या वाद्यावर तीच तार चढली, की तो आकडा लागू राहत नाही. एक तार अपेक्षेपेक्षा ताठ होते, दुसरी सैल पडते, आणि परदेशातल्या एखाद्या वादकाने जिची तोंड भरून स्तुती केलेली असते ती तार आपल्या हाताखाली निर्जीव वाटते. म्हणून सिंथेटिक तारांचा संच निवडताना सुरुवात नावापासून किंवा किमतीपासून न करता आपली पट्टी, आपले वाद्य आणि आपला हात यांच्यापासून करावी. पुढील विवेचन मुख्यतः हिंदुस्तानी पद्धतीने वाजवणाऱ्यांसाठी आहे. पाश्चात्त्य पद्धतीने वाजवणाऱ्यांनी पट्टीच्या हिशेबाचा भाग सोडून बाकीचे वाचले तरी चालेल.

सिंथेटिक काय असते, काय नसते

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून बनवत. या ‘गट’च्या (इंग्रजी gut, म्हणजे आतड्याच्या) तारांचा आवाज भरदार आणि गोड असतो, परंतु हवेतला ओलावा बदलला की त्यांचा स्वर हलतो, आणि कोकणातल्या आषाढात अशी तार सुरात ठेवणे ही स्वतंत्र साधनाच होऊन बसते. पोलादी गाभ्याची तार स्वर घट्ट धरते, पण बहुतेक वाद्यांवर तिचा आवाज पातळ आणि धारदार लागतो. जर्मनीत 1938 मध्ये पाउल श्लाक या रसायनतज्ज्ञाने पेर्लॉन हा नायलॉनचा प्रकार तयार केला. पुढे 1970 च्या सुमारास व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड या कंपनीने पेर्लॉनच्या गाभ्यावर धातूची पट्टी गुंडाळून डॉमिनंट या तारा बाजारात आणल्या, आणि गटची मवाळी व पोलादाचा स्थिरपणा यांच्या मधली वाट खुली झाली. त्यानंतर निरनिराळ्या बहुवारिकांचे (पॉलिमरचे) गाभे आले, ज्यांना सरसकट कंपोझिट म्हटले जाते. ते पेर्लॉनपेक्षा कमी ताणले जातात, लवकर स्थिरावतात आणि सामान्यतः अधिक जोरकस वाजतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंथेटिक असतो तो फक्त गाभा. बोटाला लागते ते वरचे वेष्टन, आणि ते धातूचे असते: ए तारेवर बहुधा ॲल्युमिनियम, जी तारेवर चांदी, आणि डी तारेवर यांपैकी काहीही. चांदीची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ चौपट असल्यामुळे तेवढ्याच वजनाची चांदीची डी तार अंगाने बारीक होते. लांब मींड घेणाऱ्याला हा फरक बोटाखाली लगेच जाणवतो. काही कंपन्या एकाच संचासाठी दोन्ही प्रकारची डी तार देतात. गायकी अंगाने वाजवणाऱ्याने चांदीची मागून पाहावी, असे माझे मत आहे. आणखी एक बाब नवख्या ग्राहकाला दुकानात कोणी सांगत नाही: सिंथेटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संचातली ई तार पोलादीच असते. तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

खरेदीपूर्वी तक्रार निश्चित करावी

"आवाज चांगला हवा" एवढ्या मागणीवर कोणताही दुकानदार हाती लागेल तो संच देईल, आणि त्यात त्याची चूक नाही. त्यामुळे आधी शांतपणे बसून, चारही तारांवर लांब गज ओढून, मंद्र सप्तकापासून तार सप्तकापर्यंत एकच राग सावकाश वाजवावा आणि काय खटकते ते वहीत लिहावे. खर्जात घुमारा आहे पण स्वर स्पष्ट उमटत नाही, ही एक तक्रार झाली. वरची तार किंचाळते, ही दुसरी. गज टेकवल्यावर स्वर उशिरा बोलतो, ही तिसरी. डाव्या हाताची बोटे अर्ध्या तासात दुखू लागतात, ही चौथी, आणि तिचा आवाजाशी काहीही संबंध नाही. प्रत्येक तक्रारीचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय पुष्कळदा दुसरी तक्रार वाढवतो.

तारांवर दोष ठेवण्यापूर्वी जुन्या तारांचे वय पाहावे. ए तारेवर, पहिले बोट जेथे नेहमी पडते त्या जागी, अंगठ्याचे नख हलकेच फिरवून बघावे. चांगल्या तारेवर नख घसरत जाते; घामाने खाल्लेल्या ॲल्युमिनियमवर ते अडखळते, आणि उजेडात तेथे पांढुरका, खरखरीत पट्टा दिसतो. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने वाद्य बद्द झाले म्हणून ते विकायला काढले होते. त्याच्या ए तारेचे वेष्टन पहिल्या बोटाच्या जागी इतके उसवले होते की खालचा गाभा दिसत होता. नवीन तारा चढवल्यावर विकण्याचा विषय निघाला नाही. घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी पूल) वाकलेली असेल, आतला साउंडपोस्ट (वरच्या आणि खालच्या पाटामधली लाकडी काठी) सरकला असेल किंवा वाद्याचा एखादा सांधा सुटला असेल, तर मात्र जगातली सर्वांत महाग तारही कामाची नाही. ते काम कारागिराचे आहे आणि ते आधी उरकावे.

पट्टीचा हिशेब

या विषयातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तारेची लांबी आणि वजन तेच राहिले तर तिचा ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की तार अर्ध्या स्वराने चढवली तर ताण सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो, आणि पूर्ण स्वराने चढवली तर 26 टक्क्यांनी. अर्ध्या स्वराने उतरवली तर तो सुमारे 11 टक्क्यांनी घटतो, पूर्ण स्वराने उतरवली तर 21 टक्क्यांनी, आणि दीड स्वराने उतरवली तर तब्बल 29 टक्क्यांनी. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर, पाश्चात्त्य जुळणीत, मध्यम ताणाच्या संचातल्या जी आणि डी तारांवर प्रत्येकी सुमारे चार ते पाच किलो, ए तारेवर साडेपाच किलोच्या आसपास आणि ई तारेवर साडेसात ते आठ किलो ताण असतो.

आता पांढरी दोनचा, म्हणजे पाश्चात्त्य डीचा, षड्ज धरून प-सा-प-सा अशी जुळणी घेऊ. डी आणि ए या तारा आपल्या मूळ स्वरावरच राहतात. जी तार मात्र पूर्ण स्वराने चढून पांढरी सहावर, म्हणजे एवर, जाते, म्हणजे तिच्यावरचा साडेचार किलोचा ताण साडेपाच किलोच्या पुढे जातो. आणि ई तार पूर्ण स्वराने उतरून पांढरी दोनवर येते, म्हणजे साडेसात किलोचे सहा किलो होतात. घोडीवरचा एकूण भार फारसा बदलत नाही, परंतु तो खर्जाच्या बाजूला कलतो. ज्यांना "खर्जाची तार दाबली जात नाही आणि वरची तार पोकळ लागते" असे वाटते, त्यांच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. अशा जुळणीत जी तार मऊ प्रकारातली घ्यावी आणि ई तार नेहमीपेक्षा जाड घ्यावी. पाकिटावर जर्मन शब्द असतील तर वाइख म्हणजे मऊ, मिटेल म्हणजे मध्यम आणि श्टार्क म्हणजे कडक, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पुरुष गायकांची नेहमीची काळी एक धरली तर चित्र आणखी बदलते. प-सा-प-सा या जुळणीत जी तार अर्धा स्वर चढते, डी आणि ए अर्धा स्वर उतरतात आणि ई दीड स्वर उतरते. परिणामी ज्या संचाला पाश्चात्त्य वादक कडक म्हणतात, तो आपल्याकडे मधल्या दोन तारांवर मध्यम वागतो. आणि ज्याला ते सौम्य म्हणतात, तो गजाखाली लोळू लागतो. म्हणून परदेशी अभिप्राय वाचताना त्यातला ताणाविषयीचा शेरा आपल्या पट्टीत उतरवून घेतल्याखेरीज त्यावर पैसे खर्च करू नयेत.

सा-प-सा-प या जुळणीत षड्ज कोठे धरला आहे यावर सारे अवलंबून आहे. पांढरी पाचवर (पाश्चात्त्य जीवर) जी आणि डी मूळ स्वरावर राहून ए आणि ई पूर्ण स्वराने उतरतात, आणि थोड्या कडक ए व जाड ई तारेने काम भागते. तीच जुळणी पांढरी दोनच्या खर्जावर नेली, तर चारही तारा इतक्या उतरतात की पाकीटबंद मध्यम संच तिथे लागू पडत नाही. तेव्हा आपल्या गुरूंच्या वाद्यावर कोणत्या तारा आहेत हे पाहून मगच पुढे जावे.

कोणता संच कोणासाठी

पहिल्यांदा सिंथेटिककडे वळणाऱ्याने डॉमिनंटच्या मध्यम संचापासून सुरुवात करावी. तो सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे, तर बाकीच्या बहुतेक तारांचे वर्णन त्याच्या तुलनेत केले जाते म्हणून. तो कानात बसला की "यापेक्षा उबदार" किंवा "यापेक्षा तेज" या शब्दांना काही अर्थ येतो. पहिले काही दिवस त्याच्या आवाजाला धातूची किनार असते, ती जाते.

वाद्य मुळातच तेज असेल, विशेषतः नवे आणि स्वस्त कारखानी वाद्य असेल, तर त्याला उबदार तार द्यावी. जर्मनीच्या पिरास्ट्रो कंपनीची ऑब्लिगातो गटच्या आवाजाजवळ जाणारी म्हणून ओळखली जाते. त्याच कंपनीची व्हिओलिनो आणखी मवाळ आहे. थोमास्टिकची इनफेल्ड रेड याच प्रकारातली. वाद्य बद्द असेल, आवाज पेटीबाहेर पडत नसेल, तर इनफेल्ड ब्लू, व्हिजन किंवा पिरास्ट्रोची इव्हा पिराझी यांचा विचार करावा. इव्हा पिराझी ताकदीची तार आहे आणि मैफलीत मागच्या रांगेपर्यंत पोचते; परंतु नाजूक, पातळ पाटाच्या जुन्या वाद्याला ती कधी कधी आवळून टाकते, आणि मग जोर लावावा तितका आवाज गुदमरतो. असे झाल्यास उलट दिशेने जावे: कमी ताणाची तार घेतल्याने वाद्य मोकळे होऊन मोठे बोलू लागल्याचे उदाहरण कोणत्याही अनुभवी कारागिराकडे मिळेल. जास्त ताण म्हणजे जास्त आवाज, हे समीकरण एका मर्यादेपर्यंतच खरे आहे.

विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांना वर्षातून दोनदा तारा बदलणे परवडायला हवे त्यांच्यासाठी पिरास्ट्रोची टोनिका आणि डॅडारिओची प्रो-आर्ते या पेर्लॉन-नायलॉन वर्गातल्या तारा पुरेशा आहेत. मात्र त्याच डॅडारिओच्या प्रिल्यूड आणि हेलिकोर या तारा पोलादी गाभ्याच्या आहेत. पाकिटे शेजारी शेजारी टांगलेली असतात, तेव्हा गाभ्याचा उल्लेख वाचूनच घ्यावे. लहान मुलाच्या पाऊण किंवा अर्ध्या आकाराच्या व्हायोलिनला त्याच मापाच्या तारा लागतात. पूर्ण आकाराची तार कापून किंवा जास्त वेढे देऊन बसवू नये.

एकाच संचातल्या चारही तारा वापरल्या पाहिजेत, असा नियम नाही. इनफेल्ड रेड आणि ब्लू एकमेकांत मिसळता येतात, आणि वर सांगितलेल्या पट्टीच्या हिशेबामुळे आपल्याला तर मिसळण्याची गरज अधिक. पण मिसळण्याआधी एक पूर्ण संच महिनाभर वाजवावा, आणि मग एका वेळी एकच तार बदलावी. दोन बदलल्या तर कशामुळे काय झाले हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

ई तार

ई तार साधी पोलादी, कथिलाचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेली, किंवा ॲल्युमिनियमने वेष्टित अशी मिळते. सोनेरी तार चमकदार वाजते, पण खालच्या तारेवरून तिच्यावर चटकन येताना ती शीळ घालण्याचा संभव अधिक. ही शीळ म्हणजे तार आडवी हलण्याऐवजी स्वतःभोवती पिळवटत कंप पावते. साध्या पोलादी तारेत या पिळाला आवर घालणारे काही नसते. वारंवार शीळ येत असेल तर वेष्टित ई तार लावून पाहावी. उतरलेल्या पट्टीसाठी जाडी वाढवायची झाल्यास 0.26 मिलिमीटरऐवजी 0.27 घेतल्याने त्याच स्वरावर ताण सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो. काळी एकमधली 29 टक्क्यांची घट यातून भरून येत नाही, तरी हाताला तार सापडू लागते. पिरास्ट्रोची गोल्ड लेबल स्वस्त असून पुष्कळ वादक ती दुसऱ्या संचांबरोबर वापरतात.

खरेदीपूर्वी आपल्या टेलपीसकडे (तारांची खालची टोके जिथे अडकवतात त्या भागाकडे) एकदा बघून घ्यावे. फाइन ट्यूनरला (सूर बारीक जुळवण्याच्या स्क्रूला) फट असेल तर टोकाला गोळी असलेली तार लागते, नुसता हुक असेल तर फाशाची. या एका चुकीपायी अनेकांना मुंबईच्या धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानापर्यंतची दुसरी फेरी पडली आहे, मलाही.

तारा चढवताना

पोलादी तारांवरून सिंथेटिकवर येत असाल तर नव्या तारा जाड असतात, हे विसरू नये. नटच्या (खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या चिपेच्या) आणि घोडीच्या खाचा अरुंद असतील तर तार त्यांत अडकते आणि वेष्टन कापले जाते. खाचेत तारेची साधारण एक तृतीयांश जाडी बसावी. कमी-जास्त असेल तर खाच स्वतः घासू नये, कारागिराकडून करून घ्यावी. सिंथेटिक तार अधिक झुलते, त्यामुळे बोटपट्टीच्या (फिंगरबोर्डच्या) टोकाशी तिला अंतरही थोडे अधिक लागते: जी तारेखाली सुमारे साडेपाच मिलिमीटर आणि ई खाली साडेतीन.

चारही तारा एकदम काढू नयेत. ताण गेला की घोडी पडते आणि साउंडपोस्टही ढळू शकतो. एक काढावी, खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे, नवी तार खुंटीवर वेढ्याशेजारी वेढा देत खुंट्यांच्या खोबणीच्या भिंतीच्या दिशेने न्यावी, जवळपास सुरात आणावी, आणि मगच दुसरीला हात लावावा. प्रत्येक वेळी घोडीकडे बाजूने पाहावे. खुंटी पिळताना तार घोडीचा माथा बोटपट्टीकडे ओढत असते, आणि चौथी तार होईपर्यंत तो डोळ्यांना दिसेल इतका पुढे झुकलेला असतो. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळूच मागे घ्यावा. टेलपीसकडची कडा पाटाशी काटकोनात दिसली म्हणजे झाले.

पेर्लॉनची तार पहिले तीन-चार दिवस सतत उतरते. ती सदोष नाही, ताणली जात आहे. कंपोझिट तार दीड-दोन दिवसांत थांबते. या काळात आवाजाविषयी मत बनवू नये आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तर तारा मुळीच बदलू नयेत. किमान आठवडा हाताशी असावा.

मींड सुलभ व्हावी म्हणून बोटांना तेलाचा हात लावणारे वादक आहेत. त्यांनी वाजवून झाल्यावर तारा बोटपट्टीच्या भागात कोरड्या सुती फडक्याने निपटून पुसाव्यात आणि गज चालतो त्या भागासाठी दुसरे फडके ठेवावे. तेथे तेल पोचले की गज घसरतो आणि राळ धरत नाही. पावसाळ्यात हे पुसणे इतरांनीही टाळू नये, कारण ॲल्युमिनियमला घाम आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. रोज दोन तास रियाझ करणाऱ्याच्या सिंथेटिक तारा सहा महिन्यांच्या आसपास थकतात. तार तुटण्याची वाट पाहू नये. दोन शेजारच्या तारांवर एकच बोट आडवे ठेवले असता स्वरांचे नाते जुळेनासे झाले, किंवा खुल्या तारा सुरात असूनही वरच्या जागा बेसूर लागू लागल्या, की तिचे आयुष्य संपलेले असते. नव्या तारा चढवलेल्या दिवसाची तारीख पाकिटावर पेन्सिलीने लिहावी, उतरवलेल्यांपैकी बऱ्या अवस्थेतली ए आणि ई त्याच पाकिटात सैल वेटोळे करून ठेवावी, आणि ते पाकीट पेटीच्या झाकणात खोचून द्यावे.